दारातलं पाणी

रुषीभाऊ कुठल्याही वस्तूशी ओळख कानानं करून घ्यायचे. मी गडचांदूरला कॉलेजात भूगोल शिकवायला नवीनच गेले होते आणि घरमालकानं मोठ्या उदारपणे दिलेला कूलर पहिल्याच आठवड्यात असा घरघरायला लागला की शेजारच्या घरातून एक उंच, वाळका, साठी ओलांडलेला माणूस हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन न बोलावता आत आला. स्वतःचं नाव सांगितलं नाही, माझं विचारलं नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक कूलरच्या मोटरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. मी काही विचारायला तोंड उघडलं तर डोळे न उघडताच म्हणाला, "जरा आयकू द्या, मॅडम."

स्वतःच्या घरात मला कोणी गप्प बसवलेलं चालत नाही. वर्गात चाळीस पोरं माझ्या आवाजाला टरकून असत. पण त्या चेहऱ्यावर अशी काही शांतता होती की मी आपली ओट्याला टेकून उभी राहिले.

"बेअरिंग चांगलं हाय," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "बुश कोरडा पडला. तेल मांगून राह्यला बिचारा."

मोटरला बिचारा म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तेलाचे चार थेंब सोडून ते आले तसे निघून गेले आणि कूलर पुढची तीन वर्षं तक्रार न करता चालला.

नंतर कळलं की हे रुषीभाऊ. सिमेंट कंपनीत भट्टीच्या खात्यात फिटर होते, नुकतेच रिटायर झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकी यंत्रं ऐकली होती की आता ऐकल्याशिवाय कशावर त्यांचा विश्वासच बसत नसे. टरबूज, मडकं, नवीन भिंत, माझं पुस्तकांचं कपाट, जे समोर येईल त्यावर बोटाचं पेर वाजवायचे आणि मान तिरकी करून थांबायचे. त्यांच्या बायकोचं, कुंदाताईंचं म्हणणं असं की लग्न ठरवायला आले तेव्हा यांनी मुलीकडे कमी पाहिलं आणि मुलीच्या बापाचा पलंग जास्त वाजवला. "मंग काय," रुषीभाऊ म्हणायचे, "पलंग पोकळ होता. तरी मी हो म्हणलं."

दुसरी सवय 'पाहू ना' म्हणायची. नाही हा शब्द त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला. नळ गळतोय? पाहू ना. लेकीकडे नागपूरला जायचं? पाहू ना. "यायच्या 'पाहू ना'नं माहं अर्धं आयुष्य गेलं," असं कुंदाताई भाजी चिरता चिरता म्हणायच्या, आणि चिरण्याचा जोर वाढायचा.

गडचांदूरमध्ये सगळ्या झाडांच्या पानांवर एक पांढरट साय असते. चुनखडीचे ट्रक दिवसभर जातात, धूळ उठते आणि सावकाश खाली बसते. दुपारी तर वाटतं आपण कोणाच्या तरी जुन्या फोटोत राहतोय. अशा दुपारी रुषीभाऊ त्यांच्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसायचे. समोर छोटं आंगण, आंगणापलीकडे बोळ, बोळापलीकडे ट्रकचा रस्ता. पण त्यांना ते काही दिसत नसावं. मधेच म्हणायचे, "आता शिंगाड्याचे वेल पसरले असतीन." किंवा, "आता पाणी उतरून काठचा गाळ उघडा पडला असन. बगळे आले असतीन."

ते चिमूरकडच्या एका गावचे. ढीवराचं घर, बापानं जन्मभर गावच्या तलावात जाळं टाकलं. रुषीभाऊ मिसरूड फुटायच्या वयात नोकरीसाठी निघाले आणि दगड भाजणाऱ्या गावात येऊन राहिले. पण त्यांच्या डोक्यात तो तलाव बारा महिने भरत होता आणि आटत होता.

बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई गावी एकटी. मग एका दिवाळीनंतर शेजारच्यांचा फोन आला की मायचं डोकं ठिकाणावर नाही, चुलीवर रिकामं भांडं ठेवते आणि स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी बसते. रुषीभाऊ गेले आणि तिला घेऊन आले.

माय म्हणजे मूठभर बाई. नऊवारीचा काष्टा, कपाळावर गोंदण, आणि हात असे की जाळं विणून विणून बोटं अजून हवेत गाठी मारत असायची. स्वभावानं गोड. मला पाहिलं की म्हणायची, "ये बाई, बस. घर माहं नाही, पन बस." ती ना रुषीभाऊंना ओळखायची ना कुंदाताईंना. रुषीभाऊंनी ताट समोर ठेवलं की विचारायची, "कोन गा तू? भला मानूस दिसतं."

इथवरही चाललं असतं. पण दुपार कलली की मायला काहीतरी आठवायचं. ती उठायची, पदर खोचायची आणि मागच्या दाराकडे चालू लागायची. समोरचं दार सताड उघडं असलं तरी त्याच्याकडे ढुंकून पाहायची नाही. त्यांच्या गावच्या घराचं मागचं दार तलावाकडे उघडायचं, आणि मायच्या लेखी जगातलं प्रत्येक मागचं दार तलावाकडेच जात होतं.

एकदा मी तिला बोळात गाठलं. "कुठी निघाली, माय?"

"माहा रुष्या तलावावर गेला. सात वर्षाचा हाय. पानी खोल हाय बाई, त्याले घेऊन येतो."

मी तिचा हात धरला तेवढ्यात मागून रुषीभाऊ धावत आले. "माय, मीच रुष्या," ते म्हणाले. तिनं त्यांच्या पांढऱ्या दाढीच्या खुंटांकडे पाहिलं, हसली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "याचं डोकं फिरलं वाटते."

मला हसू आलं. खरं सांगते, हसले मी. मग रुषीभाऊंचा चेहरा पाहिला आणि फार लाज वाटली.

तिसऱ्या की चौथ्या वेळेस ती ट्रकच्या रस्त्यावर पोहोचली. एका ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, तिला उचलून केबिनमध्ये बसवलं आणि घर शोधत शोधत आणून सोडलं. माय खुशीत होती, उंचावरून गाव पाहिलं म्हणून. कुंदाताई मात्र ओसरीत बसल्या त्या अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून कडी आणली आणि मायच्या खोलीला बाहेरून बसवून घेतली. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. दिवसभर मायचं खाणं-पिणं, धुणं, नहाणं, सगळं त्याच करत होत्या. त्यांचे गुडघे सुजलेले असत. "आंघोळीले गेलो तरी माहा कान दाराकडे ऱ्हायते, मॅडम," त्या मला म्हणाल्या. "मी मानूस हाव का नाई?"

रुषीभाऊ त्या दुपारी पेन्शनच्या कामाला चंद्रपूरला गेले होते. परत आले तेव्हा मी ओसरीतच होते. आतून दार वाजत होतं. जोरात नव्हे, उघड्या तळव्यानं, थांबून थांबून. आणि मायचा आवाज, "खोला ना वं बाई. पोरगा पान्यात हाय."

रुषीभाऊंनी चप्पलही काढली नाही. दारावर तळवा टेकवून उभे राहिले. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, कडीचे चारही स्क्रू एकामागून एक फिरवले आणि कडी खिशात टाकली.

"कुंदा, तू बरोबर हायेस," ते म्हणाले. "तुह्या जागी मी बी हेच केलं असतं. पन मले आठ दिवस दे."

"आठ दिवसानं काय होईन?"

"पाहू ना."

कुंदाताईंनी हातातला तांब्या आदळला. पण आठ दिवस दिले.

ते आठ दिवस रुषीभाऊ मागच्या दाराशी बसून राहिले, फिटर यंत्रापाशी बसतो तसे. मायला अडवायचं नाही, फक्त मागे मागे जायचं. पाचव्या दिवशी ते माझ्याकडे आले ते चेहरा उजळूनच. म्हणाले, "मॅडम, सापडलं. माय माणसाले थांबत नाई. पाण्याले थांबते."

झालं असं होतं, की कुंदाताईंनी धुण्याचं मोठं घमेलं आंगणात भरून ठेवलं होतं. माय पदर खोचून निघाली ती घमेल्यापाशी आली आणि थबकली. खाली बसली, पाण्यात हात घातला, आणि उन्हं उतरेपर्यंत तिथंच बसून राहिली. बोळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग त्यांनी बेत सांगितला. मागचं दार काढून टाकायचं. गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत विटा लावायच्या आणि त्यावर चौकटीत बसेल एवढी पाण्याची पेटी ठेवायची. अॅक्रिलिकची, कारण काच असली आणि मायनं तळवा आपटला तर रक्त निघेल. मासे सोडायचे. आंगणातल्या उन्हाचा उजेड पाण्यातून मागच्या खोलीत येईल, आणि माय दारापर्यंत आली की तलाव तिथंच असेल.

मी भूगोलाची बाई. मी म्हटलं, "भाऊ, एवढा खटाटोप कशाला? सरळ विटांनी दार बुजवून टाका ना."

त्यांनी माझ्या भिंतीवर बोट वाजवलं. "विटा लावल्या त ते भिंत होईन, मॅडम. भिंतीपाशी तिनं काऊन थांबावं?"

मी टेबलावरची मोजपट्टी त्यांच्या हातात दिली.

पुढचे काही आठवडे त्यांच्या घरात एक वेगळीच हवा होती. रुषीभाऊ मोबाईलवर परदेशी माणसांचे अॅक्रिलिकच्या टाक्या बनवायचे व्हिडिओ पाहायचे, तेही आवाज बंद करून. "बोलणं समजत नाई. हात समजते," म्हणायचे. चंद्रपूरच्या एका नेमप्लेटवाल्याकडे बोटाएवढ्या जाडीची शीट पडून होती, ती आणली. आंगणात कडुनिंबाच्या सावलीत ती कापली, कडा घासल्या, पाणी लावून घासायचा पॉलिश कागद मारून मारून अशा गुळगुळीत केल्या की माशी घसरावी.

अॅक्रिलिक चिकटवायला नेमप्लेटवाले क्लोरोफॉर्म वापरतात, हे मला तेव्हा कळलं. दोन कडा अगदी नीट जुळवायच्या आणि इंजेक्शनच्या सुईनं मधल्या रेघेत क्लोरोफॉर्म सोडायचं. ते आपलं आपण आत पळतं, कडा विरघळवतं आणि दोनाचं एक करून टाकतं. रुषीभाऊ श्वास रोखून सुई सरकवत असत. तो गोडसर, जड वास उघड्या आंगणातही रेंगाळायचा. "घराचा दवाखाना केला," कुंदाताई नाकाला पदर लावून म्हणायच्या. मी चहाचा कप घेऊन बघायला म्हणून जायचे आणि दहा मिनिटांत जांभया द्यायला लागायचे. मांजर तर कौलांवर चार पाय पसरून पडलेलं असायचं. शेवटी आम्हाला सगळ्यांना त्यांनी दहा हात लांब, वारा येतो त्या अंगाला बसवलं.

त्या गुंगीतच रुषीभाऊ सर्वांत जास्त बोलले. बापासोबत डोंग्यातून जायचे ते सांगितलं. झाडाच्या एका खोडातून कोरलेली ती होडी, बाप पुढे उभा, आणि हे मागे पालथे पडून पाण्यात पाहणारे. "खाली गवत हाले ना, मॅडम, त मले वाटे तिथी दुसरं गाव हाय. लोकं हायेत, चुली पेटून राह्यल्या. बाप म्हणे, जास्त वाकू नोको. पन मी वाकतच जाओ." मग एकदम थांबले आणि सुईकडे पाहू लागले. "एकदा पडलो होतो मी. सात वर्षाचा होतो. मायनं उडी टाकून काढलं."

 कडुनिंबाची पिवळी पानं पेटीत पडत होती, ती मी वेचत बसले.

पेटी वैशाखात बसली. काय बसली म्हणून सांगू! कागद सरकवायला जागा नव्हती. अशी घट्ट की भिंतीतूनच उगवली असं वाटावं. रुषीभाऊंनी चारही बाजूंनी बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "लागली." पाणी भरलं. पहिल्या दिवशी थेंब नाही. दुसऱ्या दिवशी थेंब नाही. तिसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की रस्त्यावरचं डांबर मऊ झालं. दुपारी तीनच्या सुमाराला एक कडक आवाज आला, मोठी फांदी मोडल्यासारखा, आणि सगळं पाणी खोलीत.

मी धावत गेले. खोलीत घोट्याएवढं पाणी, त्यात मायची गोधडी तरंगतेय, एक चप्पल ओसरीकडे निघालीय. कुंदाताई पाटावर चढून उभ्या. आणि माय! लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून मधोमध उभी, पायानं पाणी उडवतेय. "पानी आला! पानी आला वं घरात! टोपलं आन, मासोऱ्या निंगतीन!"

कुंदाताई आधी रडायच्या बेतात होत्या. मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्या जे हसायला लागल्या ते पाटावरून खाली उतरून पाण्यात बसूनच हसल्या. मायनं त्यांच्या अंगावर ओंजळभर पाणी मारलं. त्यांनीही तिच्यावर मारलं. ती कडी आल्यापासून दोघींमध्ये जे अवघडलेलं होतं, ते त्या दुपारी वाहून गेलं असं मला वाटतं.

रुषीभाऊ फुटलेल्या सांध्यापाशी उकिडवे बसले होते. बरोबर कोपऱ्यात, वरून खालपर्यंत गेला होता.

"उन्हानं फुगलं," ते म्हणाले. "त्याले फुगाले जागाच नव्हती."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाई कसं? अख्खी नोकरी भट्टीवर गेली. तापणाऱ्या वस्तूले सैल जागा सोडा लागते, हे मी दुसऱ्याइले शिकवलं." त्यांनी ओल्या विटेवर बोट वाजवलं. "पन फट ठेवली असती त तिले फटीतून रस्ता दिसला असता."

त्यांच्यासारख्या फिटरनं केलेली ही चूक एखाद्या शिकाऊ पोरानंही केली नसती. पण त्या चुकीमुळंच ते माझ्या मनात कायमचे राहिले.

दुसरी पेटी बनवली तेव्हा चारही बाजूंनी बोटभर जागा सोडली. खाली आणि कडेनं कंपनीतल्या जुन्या कन्व्हेअर बेल्टचं जाड रबर घातलं आणि वरून सागाची पट्टी अशी ठोकली की फट झाकली जावी पण पेटीला धक्का लागू नये. चौकटीच्या वरच्या अंगाला हातभर जागा मोकळी ठेवून जाळी लावली, मासे खाऊ घालायला आणि वाऱ्याला. आंगणाच्या बाजूनं पेटीपाशी पोहोचायला एक ओटा बांधला. आता मागचं दार उरलं नव्हतं, त्यामुळे आंगणात जायचं तर समोरून बाहेर पडून, माझ्या घराला वळसा घालून, बोळातून यावं लागे. रुषीभाऊ तो वळसा दिवसातून दहा वेळा घालायचे.

पाण्याचीही एक कथाच आहे. आमच्याकडचं बोअरचं पाणी चुन्याचं. भांड्यावर दोन दिवसांत पांढरा थर. पेटीत ते चालणार नव्हतं. पावसाळ्यात त्यांनी पत्र्यावरून पडणारं पाणी ड्रममध्ये धरलं. तरी त्यांचं समाधान होईना. मग गावी गेले आणि दोन मोठे कॅन भरून तलावाचं पाणी एसटीनं आणलं. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय याच्यात?"

"पाणी."

"कोनतं पाणी?"

"तलावाचं. मायसाठी."

कंडक्टरनं झाकण उघडून वास घेतला. गढूळ, हिरवट पाणी. थोडा वेळ रुषीभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "सीटखाली ठेवा. सांडू नोका."

मासे आधी बाजारातले आणले होते, नारिंगी, झालरीच्या शेपट्यांचे. मला फार आवडले. मायनं त्यांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "हे कोनाच्या घरचे?" मासे म्हणून त्यांना मानायला ती तयारच नव्हती. ते माझ्याकडे एका बरणीत राहायला आले. त्यांच्या जागी रुषीभाऊंनी गावच्या तलावातल्या दाडक आणल्या, बोटाएवढ्या, अंगावर एक काळी रेघ असलेल्या, ज्यांच्याकडे शहरात कोणी वळून पाहणार नाही. त्या पेटीत सोडल्या त्या क्षणी माय पुढे सरकली. हवेत गाठी मारणारी तिची बोटं थांबली.

त्या दिवसापासून दुपार कलली की माय उठायची, पदर खोचायची, मागच्या दाराकडे जायची आणि पाण्यासमोर येऊन थांबायची. मग खाली बसायची. पश्चिमेचं ऊन पाण्यातून आत आलं की खोलीतल्या भिंती, छत, मायचा चेहरा, दोरीवरचे कपडे, सगळं हळूहळू हलायला लागायचं. मी पेपर तपासायला तिथं जाऊन बसायची सवय लावून घेतली. त्या हिरव्या हलत्या उजेडात कुठल्याच पोराला नापास करावंसं वाटत नसे. बाहेर ट्रक जायचे, पाण्यावर बारीक थरथर उठायची, मासे एकदम वळायचे. कुंदाताई भिंतीला टेकून डुलकी काढायच्या. किती महिन्यांनी त्यांना दुपारची झोप मिळत होती.

आणि एक नवीनच गोष्ट झाली. ओट्यावर उभे राहून रुषीभाऊ पेटी साफ करायचे, तेव्हा ते पाण्यापलीकडून मायला दिसायचे: बनियन, डोक्याला दुपट्टा, वाकलेली पाठ, सगळं पाण्यात जरा लांबलेलं. मायला वाटायचं, आपला नवरा पैलतीरावर आहे.

"आवो, भेटलं का काई?" ती हाक मारायची.

पहिल्यांदा हाक आली तेव्हा रुषीभाऊ गोंधळले. मग जाळीतून म्हणाले, "भेटलं." आणि हातानं माशाचं माप दाखवलं. ते माप रोज वाढत गेलं. ढीवराच्या पोराला माशाचं माप वाढवायला कोणी शिकवावं लागत नाही. शेवटी शेवटी तर दोन्ही हात पसरूनही मासा मावत नसे, आणि माय समाधानानं मान हलवायची.

नवऱ्याचा आवाज ऐकून ती खूश व्हायची. पण रुषीभाऊ वळसा घालून आत आले की पुन्हा, "कोन गा तू?" एकदा मी म्हणाले, "भाऊ, तुम्हाला वाईट नाही वाटत?" ते म्हणाले, "वाटते ना. पन माय घरात हाय, कडी नाई हाय. एवढं पुरे." आणि लगेच उठून माझ्या दाराची बिजागरी वाजवून पाहायला गेले.

मग माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सामान पुढे गेलं होतं, मला न्यायला गाडी यायची होती, आणि मी निरोप घ्यायला म्हणून दुपारी त्यांच्याकडे गेले. कुंदाताईंनी चिवड्याचा डबा बांधून ठेवला होता. रुषीभाऊ आंगणात ओट्यावर, काठीला स्पंज बांधून आतलं शेवाळ काढत होते. मी मायशेजारी बसले.

त्या दिवशी मायचं लक्ष माशांकडे नव्हतं. ती सारखी पाण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पाहत होती. मग ती उभी राहिली आणि दोन्ही तळवे अॅक्रिलिकवर टेकवले.

"आवो, रुष्या कुठी हाय?"

"येते, येते आता," पलीकडून रुषीभाऊ म्हणाले.

"सकारपासून गेला पोरगा. दिसून नाई राह्यला कुठी. आना ना त्याले घरी. पानी खोल हाय."

तिचा आवाज चिरकला होता. कुंदाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मायनं पाण्यावरून हात काढले, वळली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं समोरच्या दाराकडे तोंड केलं. ते दार नेहमीसारखंच उघडं होतं. बाहेर माझी गाडी येऊन उभी राहिलेली दिसत होती, आणि तिच्यापलीकडे रस्ता.

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. आमच्यापैकी कोणीही उठून ते दार लावू शकलं असतं.

"आनतो," पाण्यापलीकडून आवाज आला. "तू तिथीच ऱ्हाय. मी त्याले आनतो."

मी पाण्यातून पाहिलं. रुषीभाऊंनी स्पंज खाली ठेवला, डोक्याचा दुपट्टा सोडला. ओट्यावरून उतरून आंगणातल्या नळापाशी गेले, वाकले, आणि सगळं डोकं नळाखाली धरलं. मग दिसेनासे झाले.

बोळातून वळसा घालून यायला काही फार वेळ लागत नाही. पण तो वेळ फार मोठा वाटला. माय दाराकडे तोंड करून उभी होती, एक पाऊल पुढे. कुंदाताई तिच्या शेजारी उभ्या होत्या, पण त्यांनी तिचा हात धरला नाही.

रुषीभाऊ दारात आले. केसांतून पाणी गळत होतं, बनियन छातीला चिकटली होती.

"माय, आलो," ते म्हणाले.

मायनं त्यांच्याकडे पाहिलं. ओल्या केसांकडे, कपाळावरून ओघळणाऱ्या पाण्याकडे. तिचा चेहरा एकदम रागावला.

"कवाचा गेला गा, रुष्या! मी इथी वाट पाहून पाहून मरून राह्यलो. बस खाली."

ते तिच्या पायापाशी जमिनीवर बसले. तिनं पदर ओढला आणि त्यांचं डोकं पुसायला लागली, खसाखसा, लहान पोराचं पुसतात तसं, मान हलेपर्यंत.

"पुन्हा एकटा जाऊ नोको पान्यात."

"नाई जात."

"तुह्या बापानं आनलं ना?"

"हो माय."

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. कुंदाताईंनी डबा माझ्या हातात दिला. मी चपला घातल्या आणि उंबऱ्यावरून एकदा वळून पाहिलं. रुषीभाऊ मान खाली घालून बसले होते, खांदे हलत होते, आणि माय पदराचं टोक बोटाला गुंडाळून त्यांच्या कानातलं पाणी टिपत होती.